ताप, कित्ता, कित्ता

माझ्या नोकरीची एकतीस वर्षं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली. लोखंडी मांडण्या, लाल कापडात बांधलेले रुमाल, जुन्या कागदाचा कुबट वास आणि दारात नकलेसाठी ताटकळणारी माणसं. मुलाचा प्रवेश असो, जातपडताळणी असो की निवडणुकीचा अर्ज, १९६७ पूर्वीचा पुरावा लागला की माणूस आमच्याकडे यायचा. हा पुरावा बहुतेक वेळा कोतवाल बुकात सापडायचा, म्हणजे गाव नमुना नंबर १४ मध्ये. गावातला जन्म आणि मृत्यू त्यात उतरवलेला असे. जुनी पानं मोडीत असत. मोडी मला कचेरीतल्या एका वयस्कर अव्वल कारकुनांनी शिकवली, जेवणाच्या सुट्टीत, पाठकोऱ्या कागदांवर गिरवून घेऊन.

कुणाच्या पणजोबांचं नाव शोधायचं तर १९१८ साल ओलांडावं लागायचं, आणि तिथं माझं बोट थांबायचं. एरवी महिन्याला दोन-चार मृत्यू लिहिले जाणाऱ्या गावाची त्या आक्टोबरात पानामागून पानं भरलेली. रोगाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'ताप' आणि त्याखाली 'कित्ता', म्हणजे वरच्याप्रमाणेच. परत 'कित्ता'. पान संपेपर्यंत 'कित्ता'.

ती इन्फ्लुएंझाची महासाथ होती. जगातल्या साधारण दर तीन माणसांमागे एकाला तिनं गाठलं आणि अनेक अभ्यासकांच्या मते पाच कोटींच्या आसपास माणसं नेली. दुसऱ्या कुठल्याही देशात गेली नसतील इतकी माणसं हिंदुस्थानात गेली. मी डॉक्टर नाही, इतिहासकारही नाही. ही पानं उलटत गेले, त्यांच्यामागचं कळावं म्हणून वाचत गेले आणि नंतर स्वतःच एका साथीतून पार पडले. त्यातून जे शिकले, ते इथं क्रमानं मांडते.

१. आजाराला नाव नसलं तरी नोंद चुकवू नये

नोकरीत नवीन होते तेव्हा मला त्या 'ताप' शब्दाचा राग यायचा. गाव रिकामं होतंय आणि लिहिणाऱ्याला एवढंच सुचलं? पुढे समजलं, दोष त्याचा नव्हता. मृत्यूची कारणं ठरलेली होती: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण आणि अशीच आणखी काही. इन्फ्लुएंझा त्यात कुठंच नव्हता. वही लिहिणाऱ्या कुलकर्ण्याला अंग भाजणारं माणूस दिसलं, त्यानं ताप लिहिला.

नाव दिलं ते लोकांनी. माझी आजी या साथीला 'मानमोडी' म्हणायची. "मान उचलत नाही गं, हाडन् हाड मोडून येतं, म्हणून मानमोडी." जगानं तिला 'स्पॅनिश फ्लू' म्हटलं, आणि ते नाव स्पेनवर अन्याय करणारं होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं. लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर बंधनं होती, आपले सैनिक आजारी आहेत हे छापायची सोय नव्हती. स्पेन तटस्थ होता. तिथला राजा अल्फोन्सो तेरावा आजारी पडला तेव्हा तिथल्या पत्रांनी ते उघड छापलं, आणि साथ तिथूनच निघाली असा जगाचा समज झाला. प्रत्यक्षात मार्च १९१८ मध्येच अमेरिकेत कॅन्ससमधल्या कॅम्प फन्स्टन या लष्करी तळावर शेकडो जवान अंथरुणाला खिळले होते. उगम नेमका कुठला यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. ज्यानं लपवलं नाही, त्याच्या माथी मात्र नाव कायमचं बसलं.

आता मला त्या कुलकर्ण्याचा राग येत नाही. आधीच्या वर्षांत तापानं साधारण किती माणसं जात होती आणि १९१८ मध्ये किती गेली, ही वजाबाकी करूनच अभ्यासकांनी पुढे इन्फ्लुएंझाचे बळी मोजले. त्याच्या 'कित्ता'शिवाय ती वजाबाकी झाली नसती. कारण कळलं नाही तर कळेल तेवढं लिहावं, पण ओळ कोरी सोडू नये.

२. पहिली लाट ओसरल्यावर जास्त जपावं

मे १९१८ च्या अखेरीस सैनिकांना घेऊन एक जहाज मुंबई बंदरात लागलं. १० जूनला गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापानं रुग्णालयात दाखल झाले. त्यांचा ताप हिवतापाचा नव्हता. पाठोपाठ गोदीतले कामगार, कचेऱ्यांतले कारकून, गिरण्यांतले मजूर आजारी पडू लागले. मुंबईचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी नंतर लिहिलं की हा रोग रात्री चोर शिरावा तसा गुपचूप शहरात शिरला. जुलैत साथ उतरली. आलेला ताप तीन-चार दिवसांत जात होता, लोकांनी तो अंगावर काढला.

सप्टेंबरात तीच साथ परत आली तेव्हा तिचं रूप पालटलं होतं. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी धापा टाकत होता. फुप्फुसं भरून येत, ओठ निळे पडत. ६ आक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. नुकती सर्वपित्री होऊन घट बसायचे ते दिवस. शहर सोडून गावाकडे निघालेल्यांबरोबर रेल्वेनं ताप घाटावर चढला. आमच्या तालुक्याच्या वह्यांत जून-जुलैची पानं शांत आहेत. पाहणाऱ्याला वाटावं, संकट टळलं.

सगळीकडे हेच घडलं. फिलाडेल्फिया शहरात २८ सप्टेंबरला युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक निघाली. आजार शहरात आला आहे हे ठाऊक असूनही ती थांबवली नाही. दोन लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर जमले आणि काही दिवसांतच रुग्णालयांत जागा उरली नाही. सेंट लुईस शहरानं आक्टोबरच्या सुरुवातीलाच शाळा, नाट्यगृहं, प्रार्थनास्थळं बंद केली. तिथं मृत्यूचं प्रमाण फिलाडेल्फियापेक्षा बरंच कमी राहिलं.

मला हे सगळं माहीत होतं. तरीही फेब्रुवारी २०२१ मध्ये धाकट्या भावाच्या घरी लग्न ठरलं तेव्हा मी एकदाच म्हणाले, "दोन महिने थांबू या का?" "ताई, आता गेला तो करोना," भाऊ म्हणाला. मांडवातल्या फोटोत एकाच्याही तोंडावर मास्क नाही, माझ्याही नाही. एप्रिलमध्ये भाऊ गेला. लग्नामुळेच गेला असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण जिनं ती पानं वाचली होती, तिनं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं. घरातल्यांचा रोष चार दिवसांचा असतो, तो पत्करायला हवा होता.

३. ताप सगळ्यांना येतो, मरण सारखं वाटलं जात नाही

लोक म्हणतात की साथ गरीब-श्रीमंत बघत नाही. नोंदी वेगळं सांगतात. मुंबई शहरात १९१८ च्या इन्फ्लुएंझानं दर हजारी किती माणसं गेली याचे समाजवार आकडे उपलब्ध आहेत. युरोपियनांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, सवर्ण हिंदूंत १८.९. आणि अस्पृश्य, खालच्या मानलेल्या जातींत ६१.६. विषाणू एक, शहर एक, साल एक, आणि मरणात सातपटींचा फरक.

हा फरक रक्तातला नव्हता. एका खोलीत किती माणसं निजत, पोटात काय होतं, अंगावर पांघरूण होतं की नाही, आजारी पडल्यावर त्या दिवशीची मजुरी कोण देणार होतं, याचा तो फरक होता. त्या वर्षी पावसानंही पाठ फिरवली होती. खरीप करपलं, चारा संपला, युद्धामुळे धान्याचे आणि कापडाचे भाव आधीच चढलेले. साथ आली ती उपाशी घरांवर. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली.

एक गृहस्थ मुलीच्या जातपडताळणीसाठी आले होते. पणजोबांच्या नावावरून शोधता शोधता १९१८ ची वही निघाली. एकाच घरातल्या चार नोंदी, सगळ्या आठ दिवसांच्या आतल्या. मी मोडी वाचून दाखवत होते आणि ते कागदावर उतरवून घेत होते. तिसऱ्या नोंदीला त्यांनी पेन खाली ठेवलं. "आमच्यात एवढंच सांगतात, की पणजा एकटाच उरला होता," ते म्हणाले. "कशानं, ते कुणी सांगितलं नव्हतं."

त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनात विहीर होती. तापलेल्या माणसाला आधी पाणी लागतं. अस्पृश्य मानलेल्या त्या घराला गावच्या विहिरीवर जायची मुभा नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह अजून नऊ वर्षं दूर होता. धडधाकट माणूस लांबच्या ओढ्यावरून पाणी आणेल, पण घरातली सगळीच आडवी झाल्यावर ते कुणी आणायचं? रकान्यात ताप लिहिलंय. माझ्या मते तिथं तहानही लिहायला हवी होती.

४. शुश्रूषा करणारीची शुश्रूषा कोण करतं, ते आधी विचारावं

फ्लू एरवी म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेतो. मानमोडीनं भरल्या वयाची माणसं नेली, वीस ते चाळीस या वयातली. जाणकार त्याची दोन कारणं सांगतात. तरुण शरीराची प्रतिकारशक्तीच खवळून फुप्फुसांवर उलटली असावी, आणि वयस्कांना लहानपणी तशाच एखाद्या विषाणूनं गाठून थोडं संरक्षण दिलं असावं. हिंदुस्थानात त्यात आणखी एक गोष्ट दिसली. इथं पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या.

वह्यांत त्या बायका भेटतात, पण पूर्ण भेटत नाहीत. जुन्या नोंदीत बाईपुढे 'कोम' लिहून नवऱ्याचं नाव घालत. कोम म्हणजे अमक्याची बायको. कित्येक ठिकाणी 'कोम'च्या आधीची जागाही रिकामी असते. ज्या हातानं घरातल्या प्रत्येकाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली, त्या हाताला वहीत नाव नाही.

माझ्या आजीची आई त्यांतलीच. आजी तेव्हा चार वर्षांची होती. तिच्या आठवणीत फक्त एक होतं: आई चुलीपुढे बसून पेज ढवळत होती आणि बसल्या जागी कलंडली. सासू, दीर, नवरा सगळे अंथरुणाला होते. सगळ्यांचं करता करता तिनं स्वतःचा ताप कुणाला सांगितलाच नाही. बाकीचे बरे झाले, ती गेली. मामा येऊन आजीला घेऊन गेला. तिचं लहानपण त्याच्या गावी, मामीच्या हाताखाली गेलं.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं करोनात पोरकी झालेली मुलं आणि एकल झालेल्या बायका यांच्यासाठी 'मिशन वात्सल्य' सुरू केलं. गल्लीतल्या दोन घरांचे अर्ज मी बसून भरून दिले. यादी असली की हक्क मागता येतो. आजीच्या वेळी तशी यादी करण्याचं कुणाला सुचलं नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही घरात आजारपण कळलं की माझा पहिला प्रश्न असतो, "त्यांच्यापाशी कोण बसतंय? आणि ती जेवली का?"

५. मोजणारा हातही थकतो, म्हणून पहिला आकडा शेवटचा मानू नये

एका गावची वही मी कधीच विसरणार नाही. सप्टेंबर अखेरपर्यंत अक्षर एकाच माणसाचं आहे, टपोरं आणि सरळ. आक्टोबरात ते तिरपं होत जातं. मग काही दिवस काहीच नाही. त्यानंतर दुसरंच अक्षर सुरू होतं, घाईचं, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेलं, आणि मागच्या तारखांच्या नोंदी एकदम घातलेल्या. पहिला माणूस आजारी पडला की गेला, ते वही सांगत नाही. त्या कोऱ्या दिवसांत गावात कुणी मेलं नसेल, यावर मात्र माझा विश्वास बसत नाही.

देशाचा आकडाही असाच वाढत गेला. सुरुवातीचा सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा तो सव्वा कोटीच्या घरात गेला. १९८६ मध्ये इयान मिल्स या अभ्यासकानं पुन्हा हिशेब मांडून एक कोटी सत्तर ते ऐंशी लाखांचा अंदाज दिला. त्यानंतरच्या काही अभ्यासांतले आकडे याहून कमी आहेत. पण त्यांतला कमी अंदाज धरला तरी तो सुरुवातीच्या आकड्याहून बराच मोठा निघतो. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ मध्ये २५.२ कोटी होती, १९२१ मध्ये ती २५.१ कोटी भरली. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या कमी झालेलं ते एकच दशक. म्हणून भूगोलाच्या पुस्तकात १९२१ ला 'महाविभाजक वर्ष' म्हणतात. शाळेत मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या शब्दामागे माझी पणजी आहे, हे मला कुणी शिकवलं नाही.

साथ चालू असताना जाहीर होणारा आकडा मी आता नाकारत नाही आणि पूर्णही मानत नाही. तो त्या दिवशी मोजायला उभ्या असलेल्या माणसांचा आकडा असतो. खरा हिशेब पुढच्या पिढ्या लावतात, तोही वह्या शाबूत राहिल्या तर.

६. विश्वास साथीच्या आधी कमवावा लागतो

मानमोडीच्या वीस वर्षं आधी पुण्यानं प्लेग पाहिला होता. १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरं बाटवली, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासलं. हेतू रोग थांबवण्याचा होता, पण लोक रोगापेक्षा सोजिरांना भ्यायला लागले. आजारी माणूस माळ्यावर लपवायचे, प्रेत परसात पुरायचे. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणलं होतं आणि त्यातच त्यांना लागण झाली. एका शहरात, एकाच वर्षी, रोगाशी लढण्याच्या दोन तऱ्हा होत्या. लोकांनी कुठली मनात जपली, हे आपण पाहतोच.

१९१८ मध्ये सरकारनं सक्ती टाळली, पण तिच्या जागी द्यायला त्याच्याकडे फार काही नव्हतं. पुष्कळ डॉक्टर युद्धावर होते. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था, जातीजातींची मंडळं आणि तरुण स्वयंसेवक पुढे झाले. त्यांनी चाळीचाळींत औषध, दूध, पांघरुणं पोचवली. खेड्यांना एवढंही मिळालं नाही.

२०२१ मध्ये लसीकरण चालू असताना आमच्या भागातल्या आशाताई मला बरोबर घेऊन जायच्या. एका घरातल्या आजी ठाम नकार देत होत्या. मी त्यांना मानमोडी सांगितली, प्लेग सांगितला, आकडे सांगितले. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे सगळं खरं असंल. पण सुई घेतल्यावर ताप आला तर माझ्याकडं कोण येईल? पोरगा पुण्याला असतो." मी म्हणाले, मी येते. त्यांनी सुई घेतली आणि त्यांना रात्री खरंच ताप आला. सकाळी मी पॅरासिटामॉल आणि गरम भाकरी घेऊन गेले, दिवसभर बसले. त्यानंतर त्या ओळीतल्या चार घरांनी आपणहून विचारलं, केंद्र कुठं आहे म्हणून.

७. औषध नसलं तरी हातावर हात ठेवून बसू नये

१९१८ मध्ये डॉक्टरांनाही शत्रू दिसला नव्हता. तेव्हा समजूत अशी होती की फायफर यांनी शोधलेला एक जिवाणू फ्लूचं कारण आहे. लशीही त्या समजुतीवर बनल्या. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला १९३३ मध्ये, म्हणजे साथीनंतर पंधरा वर्षांनी. फ्लूपाठोपाठ होणाऱ्या न्यूमोनियानं बहुतेक बळी घेतले, आणि त्यावर चालणारी प्रतिजैविकं तेव्हा हातात नव्हती.

पुढची गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण तीही जुन्या नोंदी जपण्याचीच आहे. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन या वस्तीत साथीत गेलेल्यांना गोठलेल्या जमिनीत पुरलं होतं. योहान हुल्टिन या संशोधकानं १९५१ मध्ये तिथल्या लोकांच्या परवानगीनं उत्खनन केलं, पण विषाणू हाती लागला नाही. सेहेचाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर तो पुन्हा तिथं गेला. या वेळी मिळालेल्या फुप्फुसाच्या नमुन्यातून जेफ्री टाउबेनबर्गर यांच्या गटानं विषाणूची जनुकं वाचली. २००५ पर्यंत त्याचा पूर्ण आराखडा तयार झाला. तो एच१एन१ जातीचा होता. १९५७, १९६८ आणि २००९ च्या महासाथींचे विषाणू याच कुळातले, याच्याच जनुकांचा वारसा घेऊन आलेले.

२००९ च्या आगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला तेव्हा माझी लेक तिथं कॉलेजात होती. मी धावत गेले. रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल, दुकानांत मास्क संपलेले, नायडू रुग्णालयासमोर रांगा. पण त्या वेळी विषाणू काही दिवसांत ओळखला गेला होता. त्याच पुण्यात १९५२ पासून काम करणारी विषाणू संशोधन संस्था होती, तपासण्या होत होत्या, काही महिन्यांत लसही आली. १९१८ च्या कुलकर्ण्याकडे एक रकाना होता. २००९ मध्ये आपल्याकडे नाव होतं, तपासणी होती, औषध होतं. हा फरक नव्वद वर्षांच्या चिकाटीतून आलेला आहे आणि त्याची कदर केली पाहिजे. फ्लूची लस दरवर्षी बदलून येते, कारण विषाणूही बदलत राहतो. साठीनंतर मी ती दर वर्षी घेते.

तरीही मानमोडीतून जे वाचले, त्यांतले कित्येक पाणी, पेज, ऊब आणि कुणीतरी जवळ बसल्यामुळे वाचले. प्रयोगशाळा आपलं काम करेपर्यंत शेजाऱ्यानं करायचं काम हेच असतं.

८. विसरायला लागण्याआधी लिहून ठेवावं

एवढं मोठं मरण, पण त्याची खूण कुठं आहे? महायुद्धावर गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिशिळा आपल्या खेड्यांतही दिसतात. मानमोडीचा एकही दगड मी पाहिलेला नाही. गांधीजींची थोरली सून या साथीत गेली. हिंदीतले कवी निराला यांनी पत्नी आणि घरातली अनेक माणसं गमावली आणि पुढे ते दुःख लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते कळतं. ज्यांच्या घरी लिहिणारं कुणी नव्हतं, त्यांचं दुःख दोन पिढ्यांत "पणजा एकटाच उरला होता" एवढ्यावर आलं.

माझ्या पणजीची नोंद मला नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी सापडली, तीही शोधत नसताना. दुसऱ्याच्या कामासाठी आजीच्या माहेरच्या गावची वही काढली होती. पणजोबांचं नाव ओळखीचं वाटलं. त्याच्या अलीकडे 'कोम' आणि 'कोम'च्या अलीकडे कोरी जागा. वय पंचवीस. पुढे कित्ता.

रीतसर फी भरून मी नक्कल घेतली आणि आजीकडे गेले. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "आईचं नाव कुठं लिवलंय, बोट ठेव." बोट ठेवायला जागा नव्हती. मी तसं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं आईचं नाव घेतलं. मामानं तिला लहानपणी सांगितलेलं, इतक्या वर्षांत आम्हा कुणासमोर न उच्चारलेलं.

सरकारी नकलेवर काही लिहायचं नसतं, हे तीस वर्षं लोकांना मीच सांगत आले. त्या दिवशी मात्र कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला मी ते नाव पेन्सिलीनं लिहिलं. खाली आजीनं सांगितलं ते सगळं लिहिलं: चूल, पेज, मामाची बैलगाडी.

निवृत्तीनंतर मी एक शंभर पानी वही घेतली आहे. २०२० आणि २०२१ मध्ये आमच्या गल्लीतून आणि भावकीतून जी माणसं गेली, त्यांची नावं त्यात आहेत. नाव, वय, काय काम करायचे, कुठल्या दिवशी ताप आला, जवळ कोण होतं. बायकांची नावं मी आधी लिहिते आणि पूर्ण लिहिते. भावाचं पान लिहायला मला दोन वर्षं लागली. कारणाच्या रकान्यात 'करोना' लिहिलं, आणि त्याच्या पुढच्या ओळीला, दुसऱ्या माणसाच्या नावापुढे, कारण पुन्हा पूर्ण लिहिलं. त्या वहीत मी कुठंही कित्ता लिहिलेलं नाही.